तारीख न टाकलेली सही

मला फौजेत पोचवलं ते आत्यानं. हे आधीच लिहून टाकतो, कारण पुढं रागाच्या भरात मी काय काय लिहीन आणि हेच राहून जाईल. ती माझी सख्खी आत्या नव्हे. आमच्या गावाच्या वरच्या अंगाला, माळावर, धनगरांची वस्ती आहे, तिथली. पेरणीच्या आधी तिची मेंढरं आमच्या रानात बसायची. बसायची म्हणजे आठ-पंधरा दिवस कळपाचा मुक्काम आमच्या रानात. आम्हाला लेंड्यांचं खत मिळायचं, तिला ज्वारी मिळायची. माझ्या वडिलांनी तिला बहीण मानलेलं. दिवाळीला ती त्यांना ओवाळायला यायची, म्हणून आम्ही भावंडं तिला आत्या म्हणायचो. आज ती सत्तरीच्या पुढं आहे, आणि मी फौजेच्या वर्कशॉपात सव्वीस वर्षं पुरी करत आलोय, गाड्या दुरुस्त करतो. हवालदार आहे. अकरा महिने उरलेत.

आठवी झाली आणि माझी शाळा सुटली. दुष्काळ होता. नववीचा वर्ग भरला तेव्हा मी पाटोद्याच्या रस्त्यावर रोजगार हमीच्या कामावर खडी फोडत होतो. तीन वर्षं अशीच गेली. मग भरतीची बातमी आली. आठवी पास चालत होतं, पण शाळा सोडल्याचा दाखला लागत होता. मी शाळेत गेलो. कारकून म्हणाला, "दाखला कसला? तू तर शाळंत हाईस."

"न्हाई सर, मी खडीवर हाय. तीन वर्षं झाली."

"हजेरीपटात हाईस का न्हाई? नववी ब. दोनदा नापास झालास. औंदा तरी अभ्यास कर."

मला आधी वाटलं, चेष्टा करतोय. तो चेष्टा करत नव्हता. पोरं कमी झाली की तुकडी तुटते, तुकडी तुटली की अनुदान तुटतं, म्हणून दुष्काळात शाळा सोडून गेलेल्या आम्हा सगळ्यांना त्यांनी कागदावर बसवून ठेवलं होतं. माझे हात खडीनं फुटलेले आणि मी तिकडं वर्गात हजर. हजर तर हजर, वर नापास! आजही ही गोष्ट आठवली की मला 'नापास'चाच जास्त राग येतो. बसवलंच होतं तर पास तरी करायचं.

दाखल्यावर संस्थेच्या अध्यक्षांची परवानगी लागते, असं सांगून त्यांनी मला बारा दिवस फिरवलं. अध्यक्ष म्हणजे आमच्या गावातले मोठे बागायतदार. शिक्षणसंस्था त्यांची, दूध डेअरी त्यांची, पुढं निघालेली पाणीपुरवठा सोसायटीही त्यांचीच. गाव त्यांना चेअरमन म्हणतं. भरतीला चार दिवस राहिले आणि मी आत्याकडं जाऊन रडलो. मी भित्रा आहे, तेव्हाही होतो. तिनं रडणं पुरतं ऐकूनही घेतलं नाही.

"किती वाजता भरती शाळा?"

दुसऱ्या दिवशी शाळा भरायच्या वेळेला तिनं शंभर-सव्वाशे मेंढरं शाळेच्या पटांगणात आणून बसवली. हेडमास्तर धावत बाहेर आले.

"अहो बाई, हे काय? मुलांची प्रार्थना व्हायचीय!"

"होऊ द्या की. मेंढरं बी ऐकतील."

"पण इथं कशाला आणली?"

"बसवाया आणली. खत लई झ्याक पडतंय. पोरं वाळलीत तुमची, जरा जोमात येतील."

कारकून खिडकीतून ओरडला, "म्हातारे, ही शाळा हाय! तुझ्या मेंढरांची नावं हाईत का पटावर?" ती तेव्हा म्हातारी नव्हती, पण कारकुनांना धनगराची बाई म्हातारीच दिसते.

"न्हाईत ना. घाला की मग. ह्या पोराचं नाव शाळंत न येता घातलंय, तसंच ह्यांचं बी घाला. लई मोठं अनुदान येईल तुमाला."

पोरं हसली. मास्तरांतलेही दोघं-तिघं तोंड फिरवून हसले. दुपारच्या सुट्टीच्या आत दाखला माझ्या हातात होता. शाळा सोडण्याचं कारण या रकान्यात कारकुनानं 'पालकांच्या विनंतीवरून' असं लिहिलं होतं. ते खोटंच होतं, पण खाली टाकलेली त्या दिवसाची तारीख खरी होती. तेवढ्यावर मी भरती झालो.

फौजेत मला घेतलं ते वर्कशॉपच्या लंगरात, भांडी घासायला. गाड्यांचं काम मी चोरून शिकलो, म्हणजे रिकाम्या वेळात मेकॅनिकांच्या मागं उभा राहून. पुढं फौजेतल्या शिक्षणाच्या परीक्षा दिल्या, ट्रेडची परीक्षा दिली, आणि सहाव्या वर्षी माझ्या हातात पाना आला. आमचे उस्ताद पंजाबी होते. पहिल्याच दिवशी त्यांनी मला इंजिन दाखवलं नाही, जॉब कार्ड दाखवलं. गाडीला काय झालं होतं, आपण काय केलं, खाली सही आणि तारीख. मी सही केली. त्यांनी कार्ड माझ्या तोंडावर फेकलं.

"दस्तखत तो कोई भी मार देता है. तारीख डाल, तारीख!"

त्यांचं म्हणणं असं, की कुठलीही गाडी कायमची चांगली नसते. ती त्या दिवशी चांगली होती, एवढंच तुला माहीत आहे. तेवढंच लिही. आमच्याकडं दुसरीही रीत होती: ज्यानं गाडी दुरुस्त केली त्यानंच ती पहिल्यांदा चालवून बघायची. ब्रेकचं काम केलं असेल तर उतारावर नेऊन. आसामात, लडाखात, राजस्थानात मी हजारो कार्डं भरली असतील. एकावरही तारीख टाकायची राहिली नाही. छातीवर हात ठेवून सांगतो, एकावरही नाही.

राहिली ती फक्त माझ्या गावात.

आठ वर्षांपूर्वी उन्हाळ्यात सुट्टीवर आलो होतो. वस्तीचं पाणी बंद पडलेलं. तलावाच्या खालच्या विहिरीवरून पाइपलाइननं वस्तीवर पाणी चढवायचं, हौद भरायचा, ही त्या पाणीपुरवठा सोसायटीची योजना. मोटार सारखी जळायची. लोक मोटारीला शिव्या द्यायचे. मी जाऊन पाहिलं तर मोटार आणि पंप एका रेषेत बसवलेलेच नव्हते. दोन्ही वाकड्या तोंडानं एकमेकांकडं बघत होते. मी पाटोद्याहून बेअरिंग आणले, चार दिवस त्या पंपघरात घातले, सगळं सरळ केलं आणि मोटार आणि पंप जोडणाऱ्या कपलिंगवर, त्याचे दोन्ही अर्धे जिथं जुळतात तिथं, लोखंडी पंचानं ठोकून तीन ठिपके मारले. पुढं कुणी खोललंच तर कसं जोडायचं ते कळावं म्हणून. ही माझी खूण. वस्तीवरच्या हौदात पाणी पडलं तेव्हा आत्यानं आधी मेंढरांना पाजलं, मग मला विचारलं, "तू पेलास का?"

त्याच दिवशी सोसायटीचा सेक्रेटरी घरी आला. टाइप केलेला कागद होता. 'सदर मोटार व पाइपलाइन सुस्थितीत व चालू आहे.' तो म्हणाला, "साहेब, एवढी सही द्या. फौजी माणसाच्या सहीला वजन असतंय, साहेब."

आता हे समजून घ्या, की फौजेत हवालदाराला साहेब म्हणत नाहीत. त्यासाठी नायब सुभेदार तरी व्हावं लागतं, आणि ते माझ्या नशिबात नव्हतं. लंगरात भांडी घासायला घेतलेल्या, आठवीवर शाळा सोडलेल्या माणसाला त्याच्याच अंगणात, बायकोसमोर कुणी दोनदा साहेब म्हणालं, तर त्याचं काय होतं ते मला विचारा. मी खिशातून पेन काढला. नाव, नंबर, हुद्दा, सगळं ठसठशीत लिहिलं. तारखेपाशी थांबलोही होतो.

"तारीख आमी टाकतो, साहेब. ठरावाच्या दिवसाची टाकावी लागती."

मी कागद दिला. बायकोनं त्याला चहा दिला.

मधल्या वर्षांत सुट्ट्या मिळाल्या त्या पावसाळ्यात नाहीतर दिवाळीला, तेव्हा ओढ्याला पाणी असतं आणि पाण्याचा विषय निघत नाही. आता यंदाचं सांगतो. दोन महिन्यांची सुट्टी घेऊन आलो ते पुढच्या वर्षाची तयारी करायला. घराचं छप्पर, पेन्शनचे कागद, पोराचं ॲडमिशन. तलावात भेगा पडलेल्या. खालच्या विहिरीत गुडघाभर गाळ. गावात दिवसाआड टँकर येत होता, चौकात ओतून जात होता. वस्तीवर एकदाही नाही. वस्तीवरच्या बाया तीन किलोमीटर चालून एका माळकऱ्याच्या विहिरीवरून हंडे आणत होत्या. आत्याची निम्मी मेंढरं तिच्या दिरानं दिंद्रुडच्या बाजूला, कालव्याच्या पट्ट्यात नेली होती. आत्याला आता तेवढं चालवत नाही. उरलेली चाळीस-पंचेचाळीस तिच्यापाशी होती आणि कडा गावच्या बाजारात ती विकून टाकायची, असं तिनं ठरवलं होतं.

"पाण्याचं काही करता येतंय का बघतो," मी म्हणालो.

"नको बघू," ती म्हणाली. एवढ्या लगेच म्हणाली, की तेव्हाच मला कळायला हवं होतं.

मी ग्रामसेवकाकडं गेलो. तो म्हणाला, वस्तीला स्वतंत्र योजना आहे, ती चालू आहे, चालू योजनेच्या जागी टँकर मंजूर होत नाही. मी म्हणालो, कोण म्हणतं चालू आहे? तो म्हणाला, पाटोद्याला जाऊन फाइल बघा.

पाटोद्याच्या तालुका कचेरीत एका लिपिकानं फाइल माझ्यापुढं टाकली. दरवर्षीचा प्रस्ताव, दरवर्षीचा नकार, आणि प्रत्येक नकाराला जोडलेला एक दाखला. झेरॉक्स. तोच टाइप केलेला कागद, तीच माझी ठसठशीत सही, तोच नंबर. फक्त तारीख निराळी. सहा वर्षं, सहा तारखा. निळ्या शाईनं, सेक्रेटरीच्या हातच्या.

लिपिक म्हणाला, "हा फौजी कोण हाय बघा तुमच्या गावातला. फार काटेकोर माणूस दिसतोय. दरवर्षी देतो."

मी त्या सहाही दाखल्यांच्या झेरॉक्स काढून घेतल्या.

तिथून थेट वस्तीवर गेलो. आत्या हौदाच्या कडेला बसली होती. कोरडा हौद, तिथंच बसायची तिला सवय. मी म्हणालो, "तुला माहीत होतं?"

"काय?"

"माझ्या सहीनं तुमचं पाणी बंद हाय."

ती शेळीच्या पायातला काटा काढत होती. काढून झाला तेव्हा म्हणाली, "तीन वर्सं झाली कळून."

"मग सांगितलं कावून न्हाई?"

"तू तकडं लांब. बर्फात. तुला घोर लागला असता. अन् तू काय मुद्दाम केलंस का?"

"लोक काय म्हणत असतील मला!"

"म्हणतात की. म्हणतात, फौजीनं चहावर वस्ती विकली." ती हसली. "मी म्हणलं, चहा तरी बरा व्हता का?"

तिला हसू आलं, मला आलं नाही. सहा वर्षं या बाईनं हंडे वाहिले, तीन वर्षं माझ्या नावानं शिव्या ऐकल्या आणि फोनवर मला दर वेळेला एकच सांगितलं, सगळं बरं हाय. मी बर्फात होतो हे खरं, पण मला गरम पाणी होतं!

पंपघरावर गेलो. दाराला कुलूप नव्हतं, आत कुलूप लावण्यासारखं काही नव्हतं. सिमेंटच्या चौथऱ्यातून चार बोल्ट वर आलेले. मोटार नव्हती, पंप नव्हता. तलावाच्या पलीकडं चेअरमनची डाळिंबाची बाग आहे, तिला वेगळी बोअर. तिथून आवाज येत होता. सव्वीस वर्षं इंजिनं ऐकून कान असे झालेत की आवाजावरून बिघाड कळतो; पण इथं उलटं झालं. त्या आवाजात बिघाडच नव्हता. मी बांधावरून चालत गेलो. बोअरच्या पाण्याचं शेततळं केलेलं आणि त्या शेततळ्यावर, ठिबकला पाणी द्यायला, माझी मोटार बसवलेली होती. कपलिंगवर तीन ठिपके.

चेअरमन बागेतच होते. आता थकलेत, खुर्चीत बसून कामं बघतात. मला बघून खूश झाले. खरंच खूश झाले, हे मला जास्त लागलं.

"या हवालदार! पुढच्या वर्षी रिटायर म्हणं. सत्कार करू. शाल, श्रीफळ, मिरवणूक. अन् सोसायटीवर तुमाला संचालक घेतो. तुमच्यासारखी शिस्तीची माणसं पायजेत."

"ती मोटार वस्तीची हाय."

"सोसायटीची हाय. वस्तीच्या विहिरीला पाणी न्हाई, मोटार गंजली असती. मी चालू ठिवली."

"मग कागदावर योजना चालू कशी?"

"मोटार चालू न्हाई का? ऐका की आवाज." त्यांच्या शेजारी उभा असलेला बागेतला गडी हसला. चेअरमननं आवाज खाली आणला. "तुमीच लिहून दिलंय, बाबा. आता ते खोटं हाय म्हणाल, तर खोटा दाखला कुणी दिला? सरकारी नोकरीतल्या माणसानं. तुमच्या पलटणीला पत्र गेलं तर? अकरा-बारा महिने राहिलेत. नीट काढा."

इथं मला लिहायला आवडलं असतं, की मी काहीतरी सडेतोड बोललो. मी बोललो, "बरं दादा." आणि परत आलो. दोन दिवस घराबाहेर पडलो नाही. छपराचे पत्रे मोजले. पेन्शनीच्या कागदांची थप्पी काढली, लावली, पुन्हा काढली. मला राग चेअरमनचा येत होता, सेक्रेटरीचा येत होता, त्या लिपिकाचा येत होता, ज्यानं सहा वर्षं एकच झेरॉक्स बघितला आणि माणूस काटेकोर आहे असं ठरवलं. पण सगळ्यात जास्त त्या 'बरं दादा'चा येत होता. कुणाच्याही ब्रेकवर मी एवढ्या लवकर सही केली नव्हती.

तिसऱ्या दिवशी बायको म्हणाली, "पेन्शन मला बी पायजे. पण आत्याच्या मेंढरांना कड्याचं गिऱ्हाईक मिळालंय. गुरुवारी ती तिकडं नेऊन देणार हाय."

त्या थप्पीतच मला ते सापडलं. मी भित्रा माणूस, आयुष्यात एकही कागद फेकत नाही. शाळेच्या दाखल्यापासूनची खोड. सव्वीस वर्षांचे सुट्टीचे सगळे कागद त्यात होते. कुठल्या तारखेला युनिटमधून निघालो, कुठल्या तारखेला परत हजर झालो. खाली अधिकाऱ्याची सही, शिक्का. मी झेरॉक्सवरच्या सहा तारखा एका कागदावर लिहिल्या आणि शेजारी लावून बघितल्या. सहापैकी एकाही दिवशी मी गावात नव्हतो. कधी आसामात, कधी राजस्थानात, एकदा तर लेहच्या दवाखान्यात हात मोडून पडलेलो. तोच उजवा हात. कागदावर मात्र मी पंपघरात उभा राहून सही करत होतो.

पुन्हा तेच. मी खडीवर आणि नववीत हजर. मी लेहला आणि गावात हजर. या माणसांनी मला जिथं नव्हतो तिथंच आयुष्यभर बसवून ठेवलं! आधी अनुदानासाठी, मग डाळिंबासाठी. त्या दिवशी मात्र मी भ्यालो नाही. म्हणजे भ्यालो, पण बसून राहिलो नाही.

अर्ज मी स्वतःच्या हातानं लिहिला. आठ वर्षांपूर्वी सही केली ती मी, त्यावर तारीख टाकली नाही ही चूक माझी, पुढच्या सहा तारखा माझ्या नाहीत, सोबत सुट्टीचे कागद. मोटार कुठं आहे तेही लिहिलं, तीन ठिपक्यांसकट. आणि युनिटला फोन करून आमच्या सुभेदार साहेबांना सगळं सांगून टाकलं, पत्र जायच्या आधी आपणच सांगितलेलं बरं म्हणून. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "तूने तारीख नहीं डाली? तूने?" त्यांना दुसऱ्या कशाचं नवल वाटलं नाही.

पाटोद्याला निघालो तर आत्या एसटीच्या फाट्यावर काठी घेऊन उभी. म्हणाली, मी बी येते. कचेरीत तोच लिपिक. त्यानं अर्ज वाचला, माझ्याकडं बघितलं, पुन्हा वाचला. "असा दाखला देणाऱ्याला रद्द करता येत न्हाई. सोसायटीचा ठराव आणा."

"मी रद्द करत नाही. मी तिथं नव्हतो एवढंच सांगतोय. अर्ज घ्या आणि आवक शिक्का मारून पोच द्या."

"साहेब दौऱ्यावर हाईत. ठेवून जा."

"पोच द्या."

"विश्वास न्हाई का?"

आत्या मघापासून बाहेर आवारात चालत होती. दाराशी येऊन तिनं विचारलं, "बाबा, हे आवार तुमचंच का?"

"आमचंच. का?"

"न्हाई, पावलं टाकून बघितली. ह्या लिंबाखाली धरून पंचेचाळीस मेंढरं आरामात बसतील. पाणी तुमच्याकडं नळाला हाय, ते बी बघितलं. गुरुवारी कड्याला न्यायचीच हाईत, वाटंत हितं बसवते दोन-चार दिस. भाडं न्हाई घेत, खत तुमचं."

बाकावर कामासाठी थांबलेली माणसं हसायला लागली. एक म्हातारा म्हणाला, "बसव गं बये, आमी राखतो." लिपिकानं तिच्याकडं बघितलं. ती चेष्टा करत नव्हती, हे त्याला कळलं. त्यानं शिक्का उचलला, आवक क्रमांक लिहिला आणि कागद माझ्याकडं सरकवला.

"तारीख," मी म्हणालो.

"शिक्क्यावर असती की."

"शिक्क्यावर गेल्या महिन्याची हाय. हातानं टाका. आजची."

त्यानं टाकली. ती तारीख माझ्या आयुष्यातल्या सगळ्या पदकांहून मला मोठी आहे. तसं मला पदकं फारशी नाहीत.

तपासायला एक माणूस येऊन गेला. त्यानं चौथऱ्यावरचे चार बोल्ट बघितले. नवव्या दिवशी वस्तीवर टँकर आला. तेव्हा माझी सुट्टी संपून मी गाडीत बसलो होतो. आत्यानं फोनवर मला हौदात पाणी पडल्याचा आवाज ऐकवला. गुरुवारच्या गिऱ्हाइकाला तिनं परत लावलं होतं. मेंढरं अजून तिच्यापाशी आहेत.

हे वाचून कुणाला वाटेल की सगळं मार्गी लागलं. काही लागलेलं नाही. मोटार अजून डाळिंबाला पाणी देते. सेक्रेटरी सेक्रेटरीच आहे. गावाला सहा वर्षं टँकर मिळाला, वस्तीनं तीच सहा वर्षं टँकरविना काढली, आणि त्याबद्दल कुणी कुणाला एक शब्द विचारलेला नाही. विचारलं ते मला. युनिटला पत्र आलं. चेअरमननं धमकी पाळली. मला समोर उभं करून जबाब घेतला, काय निर्णय होईल ते अजून कळलेलं नाही. आत्याला मी हे सांगितलेलं नाही. फोनवर म्हणतो, सगळं बरं हाय. तिच्याकडूनच शिकलो.

परवा मी तिला म्हणालो, "आत्या, तुझं मला फेडायचं हाय."

"काय फेडतो? मी काय उधार दिलतं?"

"दाखला."

"तो तर शाळंनं दिला. मी नुसती मेंढरं बसवली."

बोलण्यात तिला कुणी हरवलेलं नाही, मीही हरवणार नाही. पण इथं लिहून ठेवतो. मी परत येईन, पेन्शन घेऊन किंवा न घेता. विहिरीला पाणी लागलं की त्या चार बोल्टांवर मोटार बसवीन, ती मिळाली तर ती, नाहीतर दुसरी. पंप आणि मोटार एका रेषेत आणीन, पहिल्यांदा मीच चालवून बघीन, आणि पहिलं पाणी तिच्या मेंढरांना पाजीन. मग ती विचारेल, तू पेलास का, तेव्हा पिईन. कधी, ते आज लिहीत नाही. काम झालं की त्या दिवशीची तारीख मी माझ्या हातानं टाकीन.